रूथताईंची कागदी पावलं

रूथताईंच्या कापडी पिशवीत आमच्या सोसायटीतल्या चौदा माणसांचे पाय असायचे. हसू नका, खरंच सांगते. कागदाचे पाय! माणसाला जुन्या वर्तमानपत्रावर उभं करायचं, पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढायची, कात्रीने कापायचं आणि वर नाव लिहायचं. इंगळेभाऊ उजवा, इंगळेभाऊ डावा. मिसेस चड्ढा उजवा, मिसेस चड्ढा डावा. आणि हे काम फक्त संध्याकाळी. सकाळी कुणी पाय पुढे केला तर म्हणायच्या, "आत्ता नको. दिवसभरात पाय सुजतो. सकाळच्या मापाने बूट घ्याल आणि संध्याकाळी तो चावेल. वर तुम्हाला कळायचंही नाही, की चावतोय."

हे चौदाजण म्हणजे सगळे साखरेचे मानकरी. डायबेटिस असलेल्याचं नाव कळायचा अवकाश, की रूथताई पेन्सिल घेऊन दारात हजर.

एकदा मला घेऊन त्या कनॉट प्लेसला गेल्या. तेव्हा दिल्लीत परदेशी बुटांची नवी नवी दुकानं उघडत होती. काचेचं दार, आत थंडगार, आणि टाय लावलेली पोरं. मी तर चपला बाहेर काढायला निघाले होते! रूथताई मात्र सरळ आत गेल्या. एक पोरगा अदबीने म्हणाला, "मैडम, साइज़ बताइए।"

"साइज़ नहीं बेटा, पैर लाई हूँ," असं म्हणून त्यांनी पिशवीतून आमच्या ह्यांचा उजवा पाय काढला आणि काउंटरवर ठेवला. पोरगा दचकलाच. त्याने एकेक बूट आणावा, ताईंनी तो कागद आत सरकवावा, कडेला जरा दुमडला की बूट परत. कागद नीट बसला, तर स्वतःचा हात पार पुढपर्यंत घालायचा आणि डोळे मिटून आतली शिवण चाचपायची. चेहरा असा, की जणू डॉक्टर नाडी बघतोय.

"यह चुभेगा।"

"मैडम, इम्पोर्टेड है।"

"जूता इम्पोर्टेड होगा, पैर तो अपना देसी है न?"

अकरा बूट परत गेले. बारावा पसंत पडला. एव्हाना दुकानातलं सगळं गिऱ्हाईक आमच्याभोवती जमलेलं. पैसे घेताना तो पोरगा हळूच म्हणाला, "मैडम, मेरे पिताजी को भी शुगर है।" झालं! आणखी अर्धा तास आम्ही तिथेच. नखं कशी सरळ कापायची, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या, भोवरी ब्लेडने का कापायची नाही, सगळं त्याला समजावून झालं, तेव्हा कुठे आम्ही बाहेर पडलो.

रूथताई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. आईवडील मिशनच्या शाळेत शिक्षक. ह्या नर्सिंग शिकल्या, दिल्लीत एका सरकारी हॉस्पिटलात लागल्या आणि सगळी नोकरी ड्रेसिंग रूममध्ये काढली. लग्न झालं नाही, का केलं नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर मयूर विहारला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायला आल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि घरातसुद्धा पायात पट्ट्याची चप्पल. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा मी म्हटलं, "ताई, चप्पल बाहेर काढता का? आत देव आहेत." त्यांनी लगेच काढली, पण पिशवीतून दुसरी, घरातली जोडी काढून घातली. "तुमचा देव रागावणार नाही सुमन, ही कधी रस्त्यावर गेलेली नाही. आणि तुमच्या साहेबांनाही अशीच घ्या. साखरेचा माणूस घरात अनवाणी फिरला, की टाचणीसुद्धा त्याची वैरी."

मी म्हटलं, "हे कुठे ऐकतात!"

"ऐकतील. मी आहे ना."

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे केंद्र सरकारात, उद्योग खात्यात. जन्म गेला परवान्यांच्या फायलीत. मग ते नवं धोरण आलं, परवाने गेले, टेबलावरच्या फायली कमी झाल्या आणि ह्यांची साखर वाढली! हे मी नाही, हेच सांगायचे, आणि वर कँटीनचा गुलाबजाम खायचे. पायाला काही होतं, असं मात्र ते कधीच मानत नसत. "मला तर कधी काही दुखतच नाही," हे त्यांचं ठरलेलं.

रूथताईंनी ते एका रविवारी ऐकलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "दुखत नाही? कधीच? मग आधी पाय दाखवा."

ह्यांना पलंगावर आडवं केलं. ताईंनी पिशवीतून नायलॉनच्या जाड धाग्याचा तुकडा काढला. म्हणाल्या, "डोळे मिटा इंगळेभाऊ. मी तळव्याला धागा टेकवीन. टेकला की 'हो' म्हणायचं. सोपं आहे."

"पोरखेळ आहे," म्हणत ह्यांनी डोळे मिटले. मी शेजारी उभी. चड्ढीणबाईही गंमत बघायला आलेल्या.

"हो," हे म्हणाले. जरा वेळाने, "हो." पुन्हा, "हो. हो. अहो ताई, सगळं कळतंय मला. हो!"

मी बघतेय तर ताईंचा हात स्वतःच्या मांडीवर. धागा टेकवलेलाच नाही! आणि मग त्यांनी खरोखर टेकवला, अंगठ्याखाली, टाचेला, करंगळीला, चांगला वाकेपर्यंत. तेव्हा हे गप्प. चड्ढीणबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "हाय रब्बा."

ताईंनी ह्यांना डोळे उघडायला सांगितलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मऊ बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. "तुमचे पाय मुके झालेत भाऊ. दुखलं तर माणूस बघतो. तुमचं दुखणार नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आले. माझ्या पावडरच्या डबीतला आरसा ह्यांच्या तळपायाखाली गेला. पाय धुवायचं पाणी आधी मी माझ्या कोपराने बघायची. टाचांना व्हॅसलीन, बेचक्यांत मात्र मुळीच नाही. दिल्लीच्या थंडीत हीटरसमोर तंगड्या पसरून बसायची ह्यांची हौस, ती बंद. आणि मोजे पांढरेच. हे चिडले, "पांढरे मोजे घालून मी ऑफिसला जाऊ? शाळकरी पोर आहे का मी?"

"काळ्या मोज्यावर रक्त दिसत नाही," ताई म्हणाल्या. विषय संपला.

दोन वर्षं अशी छान गेली. मग भाच्याचा हट्ट सुरू झाला. नगरला ताईंच्या भावाचा मुलगा होता. "आत्या, आता एकटी किती दिवस राहणार? खोली तयार आहे," असा त्याचा दर रविवारी फोन. ताईंचे गुडघेही कुरकुरत होते. शेवटी त्यांनी जानेवारीअखेरचं तिकीट काढलं. घर मालकाला परत द्यायचं ठरलं. पुण्याहून आलेलं एक कॉम्प्युटरवालं जोडपं तिथे यायचं होतं.

आणि त्याच जानेवारीत संक्रांतीला आमची मराठी मंडळींची बस पानिपतला निघाली, काला अंबला. दरवर्षी जायची. जी माणसं त्या लढाईत पडली, त्यांना नमस्कार करायचा, तिळगूळ वाटायचा, परत यायचं. इंगळ्यांच्या घरातलाही एक पुरुष तिथे पडला, असं माझे सासरे सांगत. नाव कुणालाच माहीत नाही. पण ह्यांचं ठरलेलं, तिथे पायात वहाण घालायची नाही. बसमधून उतरायचं ते अनवाणीच. आमच्यापैकी कितीतरी जण तसंच करत. मातीच तशी आहे ना ती.

रूथताईही बसमध्ये होत्या. दिल्ली सोडायच्या आधी एकदा बघून घेऊ म्हणाल्या. बसमध्येच त्यांनी उभं राहून बजावलं, "साखरवाल्यांनी बूट काढायचे नाहीत. नमस्कार बुटातूनही पोचतो."

पोचल्यावर सगळे उतरले. धुकं इतकं, की तिथला स्मारकाचा स्तंभसुद्धा अर्धाच दिसत होता. हे बसच्या दाराच्या पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. ताई पुढे झाल्या. मला वाटलं, आता होतंय भांडण! हे वर बघून एवढंच म्हणाले, "ताई, वर्षातून एकच दिवस. एकच जागा." डोळ्यांत पाणी होतं ह्यांच्या. मी इतक्या वर्षांत दोनदा पाहिलं असेल.

आणि रूथताई खाली वाकल्या, ह्यांचे बूट उचलले, मोजे आत कोंबले आणि दिवसभर हातात धरून ह्यांच्या मागे फिरल्या.

परतताना त्या म्हणाल्या, "भाऊ, पाय दाखवा." बसमध्ये अंधार, हे पेंगलेले. "उद्या ताई, उद्या." मग खात्यात बजेटची धावपळ लागली. हे जाताना तळमजल्यावरून निसटायचे, येतानाही निसटायचे, आणि आरसा डबीतच राहिला. मी तरी बघायला हवं होतं. नाही बघितलं.

चौथ्या दिवशी मोजे धुवायला घेतले, तर उजव्या मोज्याच्या तळाला पिवळा डाग. मध्ये जरा लाल. मी तो मोजा हातात घेऊन पळतच खाली गेले. ताईंनी नाकाशी नेला. दुसरी कुणी असती तर तोंड फिरवलं असतं. म्हणाल्या, "स्कूटर-रिक्षा बोलव. पाय टेकवू देऊ नकोस त्यांना."

अंगठ्याच्या मागच्या गादीत कीकरचा, म्हणजे बाभळीचा, काटा मोडून बसला होता. चार दिवस हे त्याच्यावर चालत होते, बस पकडायला धावत होते, आणि ह्यांना पत्ता नाही! पाऊल सुजलेलं, घोट्याकडे लाली चढायला लागलेली. हॉस्पिटलातल्या सर्जनने चीर देऊन पू काढला, काटा काढला आणि बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, "हड्डी अभी बची है। इन्फेक्शन हड्डी में उतरा, तो अँगूठा जाएगा, शायद आधा पंजा भी। अब सब देखभाल पर है।"

मी तिथल्या बाकावर बसलेच. अर्धं पाऊल! ताई शेजारी बसल्या. इतका वेळ त्यांनी सगळं धडाधड केलं होतं, आता हात मांडीवर पडलेले. "सुमन, चूक माझी आहे."

"काहीतरीच काय ताई? तुम्ही बजावलं होतं."

"बजावलं, आणि मग सोडून दिलं. एवढ्या वर्षांत एक पेशंट असा नाही, की ज्याच्या रडण्याने मी पट्टी सैल बांधली. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. पायाकडे बघायला पाहिजे होतं." मग उठल्या, पदर खोचला. "ती जखम भरल्याशिवाय मी दिल्ली सोडत नाही."

आणि सोडली नाही! तिकीट परत केलं. घर तर द्यायचंच होतं, ते दिलं. त्यांची ट्रंक, वळकटी आणि बायबल आमच्या बाहेरच्या खोलीत आलं. भाच्याचा फोन आता आमच्याकडे यायचा. "अरे, जखम भरली की निघते." तो घाबरून, "आत्या, कुणाची जखम?" "इंगळ्यांच्या पायाची." "आत्या, पण ते इंगळे कोण?" "तुला नाही कळणार. ठेव फोन."

हॉस्पिटलातून हे दहा दिवसांनी घरी आले आणि आमच्या घराचं ड्रेसिंग रूम झालं. आत येणाऱ्याने आधी नळाखाली साबणाने मनगटापर्यंत हात धुवायचे, मग तो कुणीही असो. ह्यांचे जॉइंट सेक्रेटरी भेटायला आले, त्यांनाही धुवायला लावले! माझा जुना कुकर ताईंनी ताब्यात घेतला. त्यात कापडात गुंडाळलेली गॉजची पुडी वाफवायच्या. एकदा चड्ढीणबाई शिट्टी ऐकून आल्या, "क्या बन रहा है, भाभी?" मी म्हटलं, "पट्टियाँ।" त्या आल्या पावली परत गेल्या.

सकाळ-संध्याकाळ साखर तपासायची, इन्सुलिन टोचायचं, ड्रेसिंग करायचं. उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही, हा मोठा कायदा. आणि दर रविवारी मोजणी. त्याची तर मला इतकी उत्सुकता लागायची, सांगू! ह्यांच्या ऑफिसातल्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट होत्या. ताई एक स्वच्छ, पातळ, पारदर्शक फिल्म जखमेवर ठेवायच्या, तिच्यावर ही शीट, आणि बारीक पेनने जखमेची कड गिरवायच्या. खालची फिल्म फेकायची, वरची शीट भिंतीवर लावायची. पहिला रविवार, लिंबाएवढी. पुढे बोराएवढी. मग वाटाण्याएवढी! लोक टीव्हीवर मालिका बघायला जमतात, तसे आम्ही तिघं त्या भिंतीसमोर जमायचो.

आणि मग मार्चमध्ये तो क्रिकेटचा सामना. नुकतीच केबल आलेली. ताईंची परवानगी होती, पण पाय उशीवर. शेवटच्या षटकात आपल्या पोराने षटकार मारला आणि हे उभे राहून उडी मारते झाले. दोन्ही पायांवर! ताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. पट्टी लाल झाली होती.

त्यांनी पट्टी सोडली, धुतलं, नवी बांधली. दोन दिवस ह्यांच्याशी अबोला. रविवारी मोजणी केली, तर वाटाण्याचं पुन्हा बोर झालेलं. हे त्या शीटकडे बघत राहिले आणि लहान पोरासारखं म्हणाले, "ताई, शिव्या द्या हो. पण बोला."

"बोलून काय करू? तुमच्या पायाला ऐकू येत नाही, आता कानालाही येत नाही?" आणि मग दिल्या! अशा दिल्या, की मी दार लावून घेतलं. पण ह्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी ताई त्रिलोकपुरीच्या मोच्याकडे गेल्या आणि दोन तास त्याच्या डोक्यावर बसून जाड फोमचा सॅन्डल करून आणला. जखमेखाली तेवढाच गोल कापलेला, म्हणजे बाकीच्या पावलावर भार जाईल आणि ती जागा अधांतरी राहील. बाथरूमपर्यंत जायला तेवढाच.

होळी गेली. वाटाणा आला, मग तुरीचा दाणा, मग मोहरी. सर्जनने एक्स-रे बघून मान हलवली, हाड शाबूत होतं. आणि एप्रिलमध्ये, कूलरला नवी वाळ्याची ताटी लावायची वेळ आली तेव्हा, एका रविवारी ताईंनी पट्टी सोडली आणि चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"काय ताई? काय झालं?"

"गिरवायला काही नाही," त्या म्हणाल्या.

मी आधी ओरडले, मग रडले. हे पाय हातात धरून बसले, उलटा करून आरशात बघत, जणू कुणी नवा आणून दिलाय. ताई मात्र लगेच, "नाचू नका! नवी कातडी आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी." आणखी पंधरा दिवस राहिल्या. पहिल्या दिवशी दहा पावलं, दुसऱ्या दिवशी वीस, प्रत्येक फेरीनंतर तळवा तपासायचा. मग तिकीट काढलं.

जायच्या दिवशी दुपारची गाडी होती, निजामुद्दीनहून. ह्यांना जिना मना होता. म्हणून निरोप वरच झाला. हे वाकून नमस्कार करायला लागले, तर "वाकू नका, भार पुढे येतो!" मी, चड्ढीणबाई आणि चौकीदार, आम्ही ट्रंक खाली नेली. ताई स्कूटरमध्ये बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "इंगळे! कुणी सांगितलं खाली यायला?"

मी वळून बघितलं. हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कठडा धरून. बत्तीस पायऱ्या उतरून आलेले, एकेक पाऊल जपून, पायात ताईंनी करून आणलेला सॅन्डल. कठडा सोडला आणि हळूहळू चालत फाटकापर्यंत आले.

"वर जा! एकदम एवढं नाही चालायचं. ऐकताय ना?"

हे नुसते उभे राहिले.

स्कूटर सुरू झाली. ताईंनी डोकं बाहेर काढलं, हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवायला लागल्या, वर जा, वर जा, म्हणून. दुधाच्या बूथपाशी स्कूटर वळली, तोवर तो हात तसाच हलत होता. रस्ता रिकामा झाला. उन्हाचा चटका वाढला होता. मी म्हटलं, "चला आता." हे हलले नाहीत. तीन महिने ज्या आवाजाला वचकून होते, त्याचं त्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही. तिथेच उभे राहिले, दोन्ही पायांवर.